हात न लावता विणलेलं

वरठीला पहाटे साडेचारला उतरले तेव्हा सामान फार नव्हतं. बालूशाहीचे दोन डबे, कपड्यांची सॅक आणि एक गुंडाळलेला कागद. कागद चांगला अडीच फुटी. त्यावर लाल, निळ्या, हिरव्या आडव्या रेघा आणि मधेमधे वरच्या रेघेतून खालच्या रेघेत उतरणारे वळसे. मी आंघोळ करून येईस्तोवर आईने तो रांगोळीचा नमुना समजून देव्हाऱ्याशेजारी उभा करून ठेवला होता. मी काही बोलले नाही. दिवाळीचे दोन दिवस तो तिथेच राहिला. त्याच्यावर उदबत्तीची राखसुद्धा पडली.

आमचं गाव मोहाडी तालुक्यात आहे आणि घरी कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा, माग आहे. मी तीन वर्षांपासून दक्षिणेतल्या एका शहरात, प्रयोगशाळेत प्रकल्प सहायक म्हणून काम करते. काम डीएनएचं. गावात हा शब्द टीव्हीने आणला आणि तो दोनच कामांचा आहे असं सगळ्यांना वाटतं: खून कोणी केला आणि पोरगं कोणाचं. त्यामुळे मी पोलिसात आहे अशी बऱ्याच जणांची समजूत आहे. पोळ्याला आले होते तेव्हा शेजारच्या मोठेबाबांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “धुऱ्याचं भांडन हाये, त्याच्यात डीएनएनं काई होते काय?” धुरा म्हणजे शेताचा बांध.

खरं सांगायचं तर माझ्या टेबलावरच्या डीएनएला आईबाप नाहीत. त्याचा कोणाच्या डोळ्यांच्या रंगाशी किंवा खानदानाशी संबंध नाही. बहुतेक तुकडे यंत्रावर बनवून घेतलेले असतात. अक्षरांचा क्रम आपण कळवायचा, कंपनी नळ्या पाठवते. आम्ही डीएनए सूत म्हणून वापरतो आणि सूत म्हणून ते फार गुणी आहे. दोन पदरी धाग्याची जाडी २ नॅनोमीटर, अक्षरांच्या दर साडेदहा जोड्यांना एक पीळ पूर्ण, आणि हे माप कुठल्याही तुकड्याला जवळपास तेच. बाबूजींना, म्हणजे माझ्या वडिलांना, आयुष्यात असं सूत मिळालेलं नाही. कोशाचा तार कुठे जाड, कुठे बारीक, आणि तेच त्याचं देखणेपण असं गिऱ्हाईक म्हणतं. विणणाऱ्याला विचारा.

दुसरा गुण म्हणजे या सुताला आपला जोडीदार ओळखता येतो. डीएनएच्या चार अक्षरांत ए समोर टी, जी समोर सी. एका पट्टीवरचा क्रम ठरला की तिला नेमकी कुठली पट्टी चिकटणार हेही ठरलं. पेशीत हा गुण नकला काढायला उपयोगी पडतो. तो बांधकामाला वापरावा हे पहिल्यांदा सुचलं नॅड्रियन सीमन यांना. हे गृहस्थ स्फटिकशास्त्रज्ञ. प्रथिनांचे स्फटिक तयार करून त्यांची रचना क्ष-किरणांनी वाचायची हे त्यांचं काम, आणि स्फटिक काही केल्या जमत नव्हते. १९८० साली न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीत एका पबमध्ये बसले असताना त्यांना एशर या डच चित्रकाराचं माशांचं चित्र आठवलं. एका मागे एक, वर-खाली, आजूबाजूला, ओळीने पोहत असलेले मासे. डोकं, शेपटी, दोन बाजूंचे पर, वरचा पर आणि खालचा पर, म्हणजे प्रत्येक माशाला सहा दिशा. सीमन यांना त्या माशाच्या जागी सहा फाट्यांचा डीएनए दिसला. असे फाटे एकमेकांना जोडत गेलं तर आपोआप जाळी उभी राहील, आणि त्या जाळीच्या खणांत प्रथिनं ओळीने बसवता येतील.

१९८२ मध्ये त्यांनी ही कल्पना लिहून काढली. १९९१ मध्ये डीएनएचा घन केला. आणि ज्याचा आराखडा आधी कागदावर केला असा त्रिमितीय डीएनए स्फटिक त्यांच्या हाती आला २००९ मध्ये. चित्र आठवल्यापासून २९ वर्षांनी! माझा प्रयोग तीन आठवडे फसला तेव्हा मी नोकरी सोडायच्या गोष्टी करत होते. त्याबद्दल पुढे सांगते.

मी ज्या पद्धतीने काम करते ती पॉल रोथमंड यांची. अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेत असताना २००६ साली त्यांनी एकट्याच्या नावावर एक निबंध छापला आणि त्यात डीएनएचा हसरा चेहरा होता, साधारण १०० नॅनोमीटर रुंदीचा. माणसाच्या एका केसाच्या जाडीत तसे पाऊणशे-शंभर नाही, हजाराच्या घरात मावतील. रीत अशी: एम-१३ नावाचा विषाणू जिवाणूंना लागण करतो. त्याचा डीएनए एकपदरी आणि लांब, ७,२४९ अक्षरांचा. आईबाप नाहीत म्हटलं त्याला हा एवढा अपवाद. हा झाला मुख्य धागा. त्याच्या जोडीला दोनशेच्या वर बारक्या पट्ट्या, बहुतेक ३२ अक्षरांच्या. प्रत्येक पट्टीचा एक भाग लांब धाग्यावर इथे चिकटतो आणि दुसरा भाग तिथे, त्यामुळे लांबची दोन ठिकाणं ओढून शेजारी आणली जातात. दोनशे ठिकाणी असं झालं की धागा इकडून तिकडे, तिकडून इकडे घड्या घालत आपण ठरवलेल्या आकारात बसतो.

या पद्धतीला नाव पडलं डीएनए ओरिगामी. ओरिगामी म्हणजे जपानी कागदाच्या घड्या. मला हे नाव पहिल्या दिवसापासून पटलेलं नाही. कागद कुठे आहे यात? लांब धागा मागे-पुढे जातोय, शेजारच्या ओळीला मधेमधे अडकतोय, कडेला वळून परत येतोय. हे विणकाम आहे. नाव ठेवणारा माणूस भंडाऱ्याकडचा असता तर त्याने याला सरळ करवतकाठी म्हटलं असतं.

करवतकाठी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडच्या कोशाच्या साडीचा काठ वेगळ्या रंगाचा असतो, आणि काठ व अंग जिथे भेटतात तिथे करवतीसारखे दाते असतात. तो काठ मागाहून शिवलेला नसतो, छापलेला तर नाहीच. तीन धोटे (आडवा तार घेऊन पळणारे) चालतात, दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक. काठाचा तार काठापुरता जातो, अंगाचा तार अंगापुरता, आणि सीमेवर दोघं एकमेकांत अडकून आपापल्या घरी परततात. ती गुंतवण चुकली तर काठ आणि अंग यांच्यात फट पडते. मी करते त्या डीएनएच्या आयतात अगदी हेच होतं. दोन पिळांच्या ओळी शेजारी-शेजारी पडल्या आहेत, त्यांना धरून ठेवणारं काही नाही. मग एका ओळीतली पट्टी शेजारच्या ओळीत उतरते आणि दोघींना बांधते. फक्त ती कुठेही उतरू शकत नाही. धागा गोल फिरत चाललेला असतो, फिरता फिरता त्याचं तोंड शेजारणीकडे येईल त्याच जागी ओलांडायचं. ३२ हा आकडा तिथून येतो. तीन पीळ म्हणजे साडेएकतीस अक्षरं, अर्धं अक्षर कापता येत नाही, म्हणून ३२. त्या अर्ध्या अक्षराची उधारी ओळीओळीने साचत जाते आणि आयत थोडासा पिळवटतो. ताणा, म्हणजे मागावरचे उभे तार, सैल लागला की कापडही असंच बोलतं.

हे सगळं मी भाऊबीजेच्या दुपारी बाबूजींना सांगायला बसले. ते मागावर, मी खाली पायरीशी. त्यांनी निम्म्यातच विचारलं, “मंग धोटा कोन मारते?”

कोणीच नाही, मी म्हटलं. सगळं एका नळीत टाकायचं, पाणी, क्षार, लांब धागा, पट्ट्या. ९५ अंशांपर्यंत तापवायचं आणि हळूहळू थंड करायचं, दोनेक तासांत. तेवढ्यात नळीत अब्जावधी आयत तयार.

“कोनी जोडत नाई?”

“नाई.”

“अशी का सोपी गोष्ट हाये, बाई,” म्हणून त्यांनी पुन्हा पाय हलवला. खटक-खटक सुरू झालं. त्यांना मी काहीतरी लपवते आहे असंच वाटलं असणार.

उत्तर सापडलं संध्याकाळी, आणि ते आजीने न बोलता दिलं. आमच्याकडे गायी अजून आखरावर, म्हणजे गुरं गोळा होतात त्या जागी, जातात. पूर्वीइतक्या नाहीत, पण गुराखी सकाळी नेतो आणि दिवस मावळताना गावाच्या तोंडाशी आणून सोडून देतो. पुढे त्याचं काम नाही. कळप धुरळा उडवत गल्लीत शिरतो आणि बघता बघता पांगतो. तांबडी आमच्याकडे वळते, शेजारची पांढरी शेजाऱ्याकडे, एक बोळातून पलीकडच्या आळीत. कोणी दावं धरून नेत नाही. आजी फक्त दार उघडून उभी राहते. त्या दिवशी कोणाचं तरी नवीन वासरू आमच्या अंगणात शिरलं. तांबडीने त्याला शिंग दाखवलं, ते बाहेर पळालं, दोन दारं हुंगली, तिसऱ्यात गेलं आणि मग बाहेर आलंच नाही.

मी बाबूजींना हाक मारून दाखवलं. अशीच जोडतात, म्हटलं. चुकीच्या दारात शिरलेली पट्टी दोन-चार अक्षरांपुरतीच चिकटते. नळी अजून गरम असते, त्या उष्णतेत तेवढी पकड टिकत नाही, सुटते. जिची सगळी अक्षरं जुळली तीच टिकते. म्हणून सावकाश थंड करायचं. घाईने गार केलं तर वासरू ज्या दारात असेल तिथेच अडकतं.

बाबूजी जरा वेळ गल्लीकडे बघत राहिले. “म्हंजे दार आधी बनवा लागते.”

“हो.”

“मंग तेच तं काम हाये. माग लावता आला का विननं काय, पोट्टं बी विनते.”

हे वाक्य मी तसंच वहीत उतरवून ठेवलंय. तीन वर्षांत आमच्या गटबैठकांत कोणी याहून नेमकं बोललेलं मला आठवत नाही. नवीन ताणा लावायचा तर जुन्या ताण्याच्या एकेका टोकाला नवीन तार पीळ देऊन जोडावा लागतो, हजारोंनी. आई आणि मी त्यात अख्खे दिवस घालवलेत. एक तार चुकून शेजारच्याला जोडला गेला की ती चूक साडीच्या शेवटापर्यंत रेघ होऊन सोबत येते. माझंही काम संगणकावरच संपतं, कुठली पट्टी कुठून निघून कुठे जाईल एवढं ठरवण्यात. नळीतले दोन तास मी चहा पिते.

आता ते तीन आठवडे. माझा पहिला आयत होईना. जेलवर, म्हणजे डीएनएचे तुकडे आकारानुसार वेगळे करणाऱ्या थरावर, ठसठशीत पट्टा दिसायला हवा तिथे धुराची शेपटी दिसायची. पट्ट्या पुन्हा मोजल्या, यंत्राचं तापमान तपासलं, लांब धागा नवीन मागवला. पैसे गेले, बैठकीत मान खाली गेली. घरी फोनवर रडले तेव्हा बाबूजींनी पलीकडून विचारलं, “खर देल्ली होती काय?” खर म्हणजे खळ, आमच्या बोलीत ळ चा र होतो. ताण्याला भाताची खळ दिली नाही तर तारांचे केस उभे राहतात, एकमेकांत अडकतात, तुटतात. मी हसले. डीएनएला कुठली खळ.

पण खळ होती, आणि तीच चुकली होती. डीएनएचा प्रत्येक धागा ऋण भाराचा असतो. दोन ओळी जवळ आणल्या की एकमेकींना ढकलतात. त्यांना शेजारी नांदवायला मधे मॅग्नेशियम लागतं, दोन धन भारांचं. मी १२.५ मिलिमोलर (हे तीव्रतेचं माप) घालत होते, कागदावर बरोबर. फक्त ज्या द्रावणात घालत होते ते मूळ १० पट तीव्र होतं. बाटलीवरचा आकडा पुसला गेला होता आणि मी न विचारता तसंच ओतत होते. त्या द्रावणात ईडीटीए असतं, मॅग्नेशियमला घट्ट धरून ठेवणारं. पातळ केलेल्या द्रावणात ते १ मिलिमोलर, माझ्या नळीत १०. साडेबारांतले दहा तेच गिळून बसलं. माझ्या आयताच्या वाट्याला राहिलं अडीच. चूक सर्वस्वी माझी. चुकीची बाटली पातळ केली, दोन तास चहा प्याले आणि पट्टा आला. त्या रात्री फोन करून सांगितलं, “बाबूजी, खरच कमी पडली होती.” ते म्हणाले, “मी का म्हनलो होतो.”

आयत डोळ्यांना दिसत नाहीत, साध्या सूक्ष्मदर्शकालाही नाही. अभ्रकाची चकती घ्यायची, चिकटपट्टी लावून वरचा पापुद्रा सोलायचा, खालचा ताजा सपाट पृष्ठभाग मिळतो. त्यावर थेंब सोडायचा आणि अतिशय बारीक टोकाची सुई त्यावरून ओळीओळीने फिरवायची. सुई जिथे जिथे उचलली जाते त्यावरून चित्र तयार होतं. म्हणजे पाहणं कमी, चाचपणं जास्त. बाबूजी रात्री लाईन गेल्यावर अंधारात कापडावरून बोट फिरवून गाठ शोधतात तसं. माझ्या पहिल्या चित्रात बरेच आयत कोपरे दुमडलेले होते आणि काही एकाला एक काठाशी चिकटून लांब पट्टी झालेले. तेही चुकून नव्हे. पिळांची उघडी टोकं एकमेकांवर रचून बसायला बघतात. काठावरच्या थोड्या पट्ट्या वगळल्या की ती खोड जाते.

उपयोग काय, हे गावात सगळे विचारतात आणि विचारलंच पाहिजे. २०१२ मध्ये डग्लस, बॅशले आणि चर्च यांनी डीएनएची षटकोनी नळी केली. ठरावीक पेशी ओळखली की तिची कुलपं सुटतात आणि आतलं औषध उघडं पडतं. हे प्रयोगशाळेतल्या पेशींवर. रक्तात डीएनए कातरणारी विकरं बसलेली असतात आणि मॅग्नेशियम तुटपुंजं असतं, तिथे अशी घडी टिकवणं वेगळी लढाई आहे. मला जास्त भरवसा वाटतो तो यमुना कृष्णन यांच्या वाटेचा. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संस्थेत असताना २००९ साली त्यांच्या गटाने डीएनएची एक छोटी चिमटी करून फळमाशीच्या जिवंत पेशींत सोडली. पेशीच्या आतल्या पिशव्या किती आंबट आहेत त्याप्रमाणे ती उघडते-मिटते आणि तिचा रंग तसा बदलतो. मोजमाप करायला पाठवलेलं बारकं हत्यार. माझ्या आयतावर सध्या ना औषध आहे ना हत्यार. रिकामं ताट आहे. वाढायचं काय ते पुढची माणसं ठरवतील.

निघायच्या आदल्या रात्री देव्हाऱ्याशेजारचा कागद मी काढला आणि मागाशेजारी जमिनीवर पसरला. बाबूजी चष्मा लावून उकिडवे बसले. काळी जाड रेघ लांब धाग्याची, रंगीत रेघा पट्ट्यांच्या, एवढंच मी सांगितलं. ते काळ्या रेघेवर बोट ठेवून निघाले. डावीकडून निघाले, मधोमध आले, रेघ खालच्या ओळीत उतरली, पुन्हा डावीकडे, पुन्हा मधोमध. असं पार खालपर्यंत. मग उजवा अर्धा भाग, तिथेही तसंच, कडेपासून मध्यापर्यंत आणि माघारी. बोट थांबलं.

“हे तं मधातून फाटंन ना.”

मी गप्प. आयताच्या मधोमध खरंच एक उभी शिवण असते. एम-१३ चा धागा गोल आहे, जिथून निघाला तिथे त्याला परतावं लागतं, म्हणून तो अर्धा भाग भरत जातो आणि दुसरा अर्धा भरत येतो. ती सीमा तो सहसा ओलांडत नाही. हे माझ्या लक्षात आणून द्यायला माझ्या वरिष्ठांना फळा लागला होता.

“याले काय बांधलं तुमी?”

मी हिरव्या रेघा दाखवल्या. शिवणीवरून आरपार जाणाऱ्या पट्ट्या. त्यांनी त्या मोजल्या, ओठांत पुटपुटत.

“बारक्या बारक्या दोन नोको ठेवू, लांब एक घे. शिवनीच्या इकडून तिकडे.”

म्हटलं, बाबूजी, नेमकं हेच रोथमंड यांनी केलं होतं. शेजारशेजारच्या पट्ट्या जोडून लांब केल्या आणि त्या शिवणीवर पुलासारख्या टाकल्या. २००६ सालच्या निबंधात आहे.

“कोन्या गावचे?”

“पासाडेना. तिकडे, अमेरिकेत.”

चष्मा काढून त्यांनी सदऱ्याला पुसला. “कोष्टी होय काय?”